नाही म्हणण्याचा परवाना

ब्रिटनमध्ये झाडावर चढायच्या नोकरीची जाहिरात चार-पाच ओळींत संपते. सीएस ३०, ३१, ३८, ३९ ही तिकिटं हवीत. गाडी चालवायचा परवाना हवा. चढायचं सामान स्वतःचं असल्यास उत्तम. पगार अनुभवाप्रमाणे. वेंगुर्ल्याच्या घरी बसून या जाहिराती वाचताना मी शेवटच्या ओळीवर विसंबून होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची पदवी होती. त्यानंतर मुंबई-ठाण्यात झाडांची पाहणी आणि छाटणी करणाऱ्या एका छोट्या चमूत काही वर्षं काढली होती. गुलमोहर, पेल्टोफोरम, वर्षावृक्ष, सोसायटीच्या भिंतीवर कललेले माड, सगळ्यांवर दोर टाकून चढलो होतो. अनुभव म्हणजे आणखी काय असतं?

ब्रिस्टलला पोचल्यावर कळलं, की अनुभव म्हणजे जो दुसऱ्याला तपासून पाहता येतो तो. सीएस ३० म्हणजे चेनसॉची निगा राखणं आणि पडलेल्या लाकडाचे तुकडे करणं. ३१ म्हणजे लहान झाड पाडणं. ३८ म्हणजे दोरावर चढणं आणि वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं. ३९ म्हणजे दोराला लटकून चेनसॉ चालवणं. या अभ्यासक्रमांची अधिकृत नावं आता बदलली आहेत, पण कामावरची माणसं जुन्या आकड्यांतच बोलतात. शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, अशी पद्धत. प्रत्येक तिकिटाला काही शे पौंड पडतात. माझी पदवी, माझे मुंबईचे फोटो, माझ्या जुन्या मालकाचं शिफारसपत्र, हे सगळं लोक आदरानं पाहायचे आणि परत द्यायचे.

तिथवर जायची वाट मुळात नशिबाची. २०२३ मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम सुरू झाली. वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, मुक्काम दोन वर्षं. अर्ज करण्याआधी म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघते आणि नाव आलं तरच व्हिसाचा अर्ज भरता येतो. मग फी, दोन वर्षांचा आरोग्य अधिभार, जो तेव्हा ९४० पौंड होता, आणि शिवाय बँकेत २,५३० पौंड सलग २८ दिवस पडून आहेत याचा पुरावा. आमच्या घरात एवढी रक्कम एका जागी २८ दिवस कधी थांबली नव्हती. ती थांबवायला आंब्याच्या एका हंगामाचे पैसे आणि मामांची उसनवारी लागली.

या योजनेत पदवी लागते. न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाचा तरुण वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत, तीन वर्षांसाठी, पदवीचा कागद न दाखवता ब्रिटनमध्ये येऊन काम करू शकतो. ब्रिस्टलमधल्या माझ्या टोळीत असे दोघं होते. आपल्याकडे मात्र झाडावर खरोखर चढणारी माणसं या चाळणीतून पडतात. माझे काका पाडेली होते. पायात दोरीचा फास अडकवून ते माडावर जायचे आणि मी खाली नारळ गोळा करायचो. उंचीवर त्यांचं शरीर जसं निवांत असे, तसं ब्रिस्टलमध्येही फार थोड्यांचं पाहिलं. त्यांची शाळा चौथीत सुटली. त्यांच्यासारख्याला ही योजना नाही. ती माझ्यासारख्याला आहे, ज्याची पदवी झाडावर कुणी विचारत नाही.

मात्र या व्हिसाचा एक गुण मला सुरुवातीला नीटसा कळला नव्हता. तो कुठल्याही मालकाच्या नावाशी बांधलेला नाही. नोकरी धरा, सोडा, दुसरी धरा. स्वतःचा धंदाही करता येतो, फक्त नोकर ठेवायचे नाहीत, जागा विकत घ्यायची नाही आणि अवजारांची किंमत ५,००० पौंडांच्या वर जाऊ द्यायची नाही. चढणाऱ्याचे दोर, हार्नेस आणि दोन चेनसॉ या मर्यादेत आरामात बसतात. या गुणाची किंमत पुढे कळली.

नोकरी शोधण्याबद्दल सांगण्यासारखं एकच आहे: ईमेलवर ती मिळत नाही. झाडांची कामं करणाऱ्या बहुतेक कंपन्या म्हणजे एक मालक, तीन-चार माणसं, एक टिपर आणि मागे जोडलेला, फांद्यांचा भुगा करणारा चिपर. मालक दिवसभर स्वतः झाडावर असतो आणि रात्री पत्रं वाचायची त्याच्यात ताकद नसते. मी कानाचा उपयोग केला. चिपरचा आवाज दोन गल्ल्यांवरून येतो. आवाजाच्या दिशेनं जायचं, चेनसॉ चालू असेपर्यंत लांब उभं राहायचं आणि चहाच्या सुट्टीत जाऊन बोलायचं. लांब उभं राहण्याला महत्त्व आहे. जो फांदीखाली येऊन हाक मारतो, त्याला काम कळत नाही हे त्यांना तिथल्या तिथे समजतं. अशाच एका चहाच्या वेळी एक मालक म्हणाला, ‘‘मंगळवारी सकाळी सातला यार्डात ये. बघू.’’

त्यानं पहिल्यांदा मला पाहिलं नाही, माझी बॅग पाहिली. मुंबईहून नेलेला हार्नेस उलटसुलट करून टाके बघितले, दोराचा हातभर तुकडा बोटांतून सरकवला. ‘‘सामान चांगलं आहे. कागद कुठे आहेत?’’ ब्रिटनमध्ये माणसाला उचलून धरणाऱ्या सामानाची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून लेखी नोंद ठेवावी लागते. हा १९९८ चा नियम आहे आणि लोक त्याला लोलर म्हणतात. नोंद नाही म्हणजे सामान नाही. माझी बॅग टिपरच्या केबिनमध्ये गेली आणि मी जमिनीवर राहिलो. जमिनीवरच्या माणसाला तिथे ग्राउंडी म्हणतात. २०२३ मध्ये कायद्यानं ठरलेला किमान दर तासाला १०.४२ पौंड होता आणि ग्राउंडीची मजुरी त्याच्या थोडीशीच वर असायची. स्वतंत्रपणे रोजावर जाणारा तिकीटधारक चढणारा साधारण दीडशे ते दोनशे पौंड सांगतो.

जमिनीवरचं काम हलकं समजू नये. ब्रिस्टलची जुनी घरं एकाला एक चिकटून चढावर बसलेली असतात. मागच्या बागेत पन्नास फुटी सिकमोर आणि बागेत जायला दुसरी वाट नाही. मग दारापासून मागच्या पायरीपर्यंत ताडपत्री अंथरायची आणि पूर्ण झाड फांदीफांदीनं लोकांच्या बैठकीच्या खोलीशेजारून बाहेर न्यायचं. फांद्या रचताना बुंधा चिपरच्या तोंडाकडे ठेवायचा, म्हणजे प्रत्येक फांदी फिरवावी लागत नाही. वरून ओंडका दोरावर सुटला की किती ढील द्यायची आणि कधी धरायची, ते हातमोज्यातल्या घर्षणावरून ठरवायचं. वरच्यानं ‘स्टँड क्लिअर’ म्हटलं की हातातलं सोडून मान वर, आणि तुम्ही ‘ऑल क्लिअर’ म्हणेपर्यंत तो कापत नाही. या देवाणघेवाणीत मराठी माणसाचा आवाज सुरुवातीला पोचत नाही. ओरडणं म्हणजे उद्धटपणा हे डोक्यातून काढावं लागतं.

जमिनीवर ठेवलं याचा राग फार दिवस टिकला नाही, कारण वर जायला मी तयारच नव्हतो. दोरावर चढण्याची कला कुठेही नेता येते, गाठी त्याच असतात. लाकडाची ओळख मात्र सीमेवर काढून घेतली जाते. शेवग्यावर चढू नये आणि जांभळाच्या फांदीच्या टोकाला जाऊ नये, हे कोकणातल्या पोराला कुणी शिकवत नाही. चिंचेवर किती भरवसा ठेवायचा हे पायाला माहीत असतं. ब्रिस्टलमधल्या विलोबद्दल, पॉपलरबद्दल, बीचबद्दल माझ्या पायाला काहीच माहीत नव्हतं. विलो म्हणजे आपल्यासाठी बॅट. ती विलोची वेगळी जात आणि वेगळी तयारी. बागेतला म्हातारा विलो फांदी कधी सोडेल ते त्यालाच ठाऊक. ओक मात्र वाकतो, कुरकुरतो, वेळ देतो. मी खालून प्रत्येक काप पाहत असे: करवत कुठवर गेल्यावर लाकूड बोललं, बिजागरीसारखी ठेवलेली पट्टी किती अंशांपर्यंत धरून राहिली, तुटताना धागे निघाले की काचेसारखा तुकडा.

मग हिवाळा आला आणि नवीच अडचण. ग्राहक म्हणतो वाळलेल्या फांद्या काढा, आणि झाडावर एकही पान नाही. मुंबईत वाळकी फांदी म्हणजे बिनपानांची फांदी, इतका सोपा हिशेब होता. तिथे सगळं झाडच बिनपानांचं. टोळीतल्या जुन्या चढणाऱ्यानं मला कळ्या वाचायला शिकवलं. ॲशची कळी काळी, काजळ लावल्यासारखी, फांदीवर समोरासमोर. बीचची लांब आणि टोकदार. हॉर्स चेस्टनटची बोटाला चिकटणारी. कळी फुगीर आणि घट्ट असेल तर फांदी जिवंत. नखानं साल खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर जिवंत. दुपारी चारला अंधार पडायचा. तोवर मी दोर गुंडाळता गुंडाळता कळ्या चाचपत असायचो.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे वाढतं. म्हणून फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंठ असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापायचं आणि वर काही फासायचं नाही. ठाण्यात सोसायटीचे सेक्रेटरी मला विचारायचे, ‘‘गेरू-चुना नाही लावणार? मग पैसे कसले घेता?’’ ब्रिस्टलमध्ये एका आजींनी मालकाला विचारलं, जखमेला रंग लावणार नाही का? त्यांच्या वडिलांच्या काळी लावत असत म्हणे. मी खाली उभा राहून हसलो आणि मालकाच्या वतीनं तेच उत्तर दिलं, जे मी वर्षानुवर्षं देत आलो होतो. त्या दिवसापासून ग्राहकांशी बोलायला तो मला पुढे करू लागला.

तिकिटं एकेक करून झाली. त्यात ३८ ची परीक्षा माझ्या मनात राहिली आहे. चढण्याआधी कागदावर लिहायचं: आपण नेमके कुठे आहोत, रुग्णवाहिका कुठून आत येईल, जवळचं तातडीच्या उपचाराचं रुग्णालय कोणतं. मग चढायचं, काम करायचं, आणि शेवटी वर ‘जखमी’ असलेल्या माणसापर्यंत पोचून त्याला आपल्या दोरावर घेऊन सावकाश खाली यायचं. तिथल्या कामाची रीतच अशी आहे, की माणूस वर असताना खाली निदान एक जण असा हवा, जो लगेच वर जाऊन त्याला उतरवू शकेल. छोट्या टोळीत परक्या माणसाला तिकिटाशिवाय घेत नाहीत त्याचं कारण यात आहे. दोघांच्या टोळीत मी नुसता फांद्या ओढणारा असलो, तर वरच्याला वाचवणारा कुणीच नाही. मला ते दार परदेशी माणसापुढे बंद केलेलं वाटत होतं. प्रत्यक्षात ते चढणाऱ्याच्या जिवासाठी बंद होतं.

आम्हाला कामाची टंचाई नव्हती, कारण ॲश मरत होते. क्रिकेटचे स्टंप ज्या लाकडाचे बनतात तो हा ॲश. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीनं युरोपातल्या ॲशला ग्रासलं. ब्रिटनमध्ये ती २०१२ मध्ये सापडली. तिच्या मूळ प्रदेशातल्या ॲशना तिचं फारसं काही वाटत नाही, युरोपातल्यांच्या मात्र ती जिवावर बेतली. देशातल्या दहापैकी आठ ॲश जातील असा वुडलँड ट्रस्ट या संस्थेचा अंदाज आहे. रस्त्याकडेचे, शाळांजवळचे, रेल्वेकाठचे ॲश उतरवायला माणसं पुरत नव्हती. पूर्वेकडून आलेल्या एका बुरशीनं पूर्वेकडून आलेल्या एका माणसाला रोजगार दिला, असा विनोद टोळीत चालायचा, आणि तो खोटा नव्हता.

हा आजार लागलेला ॲश चढणाऱ्याला फसवतो. लाकूड कोरडं आणि ठिसूळ होतं. फांदी वाकायच्या ऐवजी एकदम मोडते, बुंध्याजवळ सालीखाली काळसर चट्टे पडतात. एका बांधावरच्या ॲशसाठी ग्राहकानं चढून काम करण्याचा दर मान्य केला होता. आमचा जुना चढणारा झाडाभोवती फिरला, नायलॉनच्या हातोड्यानं बुंधा ठोकत गेला, वर पाहिलं. निम्म्याहून जास्त शेंडा उघडा होता. ‘‘मी चढणार नाही,’’ एवढं म्हणून त्यानं हेल्मेट काढलं आणि थर्मासमधला चहा ओतला. मी मालकाच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मालकानं खिशातून फोन काढला, ग्राहकाला सांगितलं की चेरीपिकर, म्हणजे पाळण्यातून माणसाला वर नेणारं यंत्र, भाड्यानं आणावं लागेल, खर्च वाढेल, तारीख पुढे जाईल. ग्राहक वैतागला. आम्ही दुसऱ्या कामावर गेलो. दुपारी जेवताना त्या नकाराचा विषयही निघाला नाही.

मी मात्र तोच विचार करत होतो. तो माणूस शूर होता म्हणून नाही म्हणाला असं नाही. त्याच्या मागे २००५ चे उंचीवरच्या कामाचे नियम होते, जे सांगतात की वर जाणं टाळता येत असेल तर आधी ते टाळा. त्याच्या खिशात तिकीट होतं, म्हणजे त्याचं मत हे प्रशिक्षित माणसाचं लेखी मोलाचं मत होतं. आणि त्याला दुसऱ्या टोळीत दुसऱ्या दिवशी काम मिळालं असतं. या तीन गोष्टी एकत्र असल्या की नाही म्हणायला धैर्य लागत नाही.

पुढे माझीही पाळी आली. एका चर्चच्या आवारात बीच होता, भरगच्च पानांचा, देखणा. वरून काहीच दोष दिसत नव्हता. मुंबईत पावसाळ्याआधीच्या पाहणीत मी एक सवय लावून घेतली होती: आधी पायथा, मग शेंडा. गुलमोहराच्या मुळाशी गॅनोडर्मा बुरशीची छत्री दिसली की वरची फुलं कितीही लाल असोत, ते झाड भरवशाचं नाही. बीचच्या मुळांच्या बेचक्यात कोळशासारखं काळं, करपल्यासारखं कवच होतं. क्रेट्झमारिया. ही बुरशी बुंध्याला आतून ठिसूळ करते आणि शेंड्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. मी दोर पिशवीतून काढलाच नाही. ‘‘माझ्या मते चढू नये,’’ असं म्हणताना माझा आवाज जरा बारीक झाला असेल, पण मालकानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. सीमेवर सगळंच काढून घेत नाहीत तर.

त्याच हंगामात आमच्याकडे दुसऱ्या कंपनीतून मदतीला येणारा एक दक्षिण आफ्रिकी चढणारा होता. माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर होता, म्हणजे त्याचा मुक्काम त्याच्या मालकानं दिलेल्या प्रायोजकत्वावर उभा. अशी नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. बायको आणि लहान मुलगी त्याच्यासोबत होती. त्याला मी एकदाही नाही म्हणताना ऐकलं नाही. ज्या झाडांवर आमचे लोक दोनदा विचार करायचे, त्यांवर तो निमूट चढायचा. तिकिटं आमच्याइतकीच, नियम तेच, देश तोच. फरक एवढाच, की त्याचा व्हिसा दुसऱ्याच्या कपाटात होता. आता तर जुलै २०२५ पासून त्या व्हिसाची पात्रता पदवीच्या पातळीवर नेली आहे आणि हातानं काम करणाऱ्या नव्या माणसाला ती वाट जवळपास बंद झाली आहे.

माझी दोन वर्षं संपली आणि मी परतलो. इथल्या कामाकडे पाहताना ब्रिटन म्हणजे शहाणपण आणि आपण म्हणजे गोंधळ, अशी वाटणी करायचा मोह होतो. ती खरी नाही. १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला आधीपासून परवानगी लागते. पण तो कायदा झाडाचा आहे, चढणाऱ्याचा नाही. आणि नाही म्हणणारी माणसं इथेही होतीच. पावसाची सर येऊन गेली की काका माडाला हात लावून बघायचे आणि बागायतदाराला सांगायचे, ‘‘आज नाय. माड वलो आसा.’’ बागायतदार कितीही मोठा असो, तो परत जायचा. गावात पाडेली दोन होते आणि नारळ काढायचे सगळ्यांनाच होते. काका कुणाचे नोकर नव्हते.

मे महिन्यात शहरात ठेकेदाराच्या टेम्पोतून उतरणाऱ्या, कोयता कमरेला खोचून दोराशिवाय पेल्टोफोरमवर चढणाऱ्या मजुराकडे काकांची ही सोय नसते. ठेकेदाराला झाडामागे पैसे मिळतात, मजुराला दिवसामागे. त्यानं नाही म्हटलं तर नाक्यावर दुसरा उभा असतो. त्याचं कौशल्य काकांइतकंच असेल, पण ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणून त्याच्या नकाराला वजन नाही.

आता मी ठाण्यात कामं घेतो. दरपत्रकात तीन ओळी घालतो: चढणाऱ्याबरोबर खाली उतरवू शकणारा दुसरा माणूस असेल, झाड चढण्याजोगं आहे की नाही ते चढणारा ठरवेल, त्यानं नाही म्हटल्यास यंत्राचा खर्च वेगळा. पहिली ओळ बहुतेक सोसायट्या मान्य करतात, तिसरीवर घासाघीस होते आणि दुसरी वाचून विचारतात, ‘‘मग आम्ही पैसे कशाचे देतो?’’ काही कामं त्यामुळे माझ्यापेक्षा स्वस्त ठेकेदाराकडे जातात. ती ओळ मी काढत नाही.

कोकणातली मुलं फोन करतात. ‘‘दादा, तिकडे जायला किती लागतात आणि मिळतात किती?’’ आकडे मी सांगतो. मग मी त्यांना सांगतो, की पगाराआधी दोन गोष्टी विचारा. व्हिसा कुणाच्या नावाशी बांधलेला आहे, आणि टोळीत शेवटचं नाही कोण म्हणाला होता व त्याचं पुढे काय झालं. पहिल्याचं उत्तर कागदावर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर चहाच्या सुट्टीत, मालक जवळ नसताना, ग्राउंडीला विचारायचं.